आयुष्यभराचं तेल

बॉनेटवर ज्याचं नाव, त्यानं तो बनवलेला नसतो, गिअरबॉक्स.
हे लक्झेंबर्गच्या दातांच्या डॉक्टरला सांगितलं
तेव्हा त्याचा चेहरा असा पडला,
जसं लग्नाला दहा वर्षं झाल्यावर कुणी सांगावं
की ती पत्रं बायकोनं नव्हे,
तिच्या बहिणीनं लिहिली होती.

गिअरबॉक्स आमच्याकडचा, सार नदीच्या या खोऱ्यातला.
गाडी म्युनिकची असो नाहीतर इंग्लंडची,
पोटात आतडं इथलं.
आजोबांनी या मातीखालून कोळसा काढला,
आईनं त्याच मातीवर उभं राहून
सव्वीस वर्षं, तीन पाळ्यांत, व्हॉल्व्ह आणि सील बसवले.
आजोबांच्या वाट्याला खोकला आला,
आईच्या, गुडघे.

"टिकतो का पण?"
सगळे हेच विचारतात, आणि विचारताना
गाडीवर असा हात ठेवतात जणू तिला ऐकू जाईल.

मी गाडी लिफ्टवर घेते.
तेरा बोल्ट. कोपऱ्यातला एक नेहमीच हट्टी.
प्लॅस्टिकचं पॅन सुटतं तसं तेल ओघळतं,
नवं असताना मधासारखं असलेलं,
आता बीटाच्या काकवीसारखं काळं.
लोहचुंबकांवर करडी साय धरलेली.
ती बोटानं निपटते, दोन बोटांत चोळते:
पिठासारखी लागली तर वय,
टोचली तर दुखणं.
पीठ आहे.

गाडीच्या पुस्तकात छापलेलं,
तेल आयुष्यभरासाठी भरलंय, बदलायला नको.
आईला हे पहिल्यांदा वाचून दाखवलं
तेव्हा तिच्या तोंडात सॉसेजचा घास होता,
हसून हसून ठसका लागला.
"आयुष्यभर म्हणजे कुणाच्या?
गाडीच्या, पहिल्या मालकाच्या,
की वॉरंटीच्या?"

नवं तेल घालते. इंजिन चालू ठेवून वाट बघते.
पारा तिशीच्या वर आणि पन्नाशीच्या आत असेल
तेवढ्यातच पातळी तपासायची.
माझी त्या वयात कुणी तपासली नाही.

मग नदीकाठानं एक फेरी.
डॉक्टर शेजारी बसून गिअर मोजतो,
ओठ हलवत, शाळेतल्या पोरासारखा.
चौथ्याला चुकतो. पुन्हा पहिल्यापासून.
आठव्यात कधी गेलो, त्याला कळलंच नाही,
मलाही आवाजावरून कळलं, धक्क्यावरून नाही.

"अजून किती जाईल?"
तेल बदलत राहा.
थंडीत सुरू केल्या केल्या पिटाळू नका.
ती बोट ओढायची असेल तर दुसरी गाडी घ्या.
"लिहून द्याल?"
नाही.

संध्याकाळी आईच्या स्वयंपाकघरात
गिअरबॉक्सवरच्या पट्टीचा फोटो दाखवते.
ती चष्मा पुसते, मोबाइल हातभर लांब धरते,
आकडे पुटपुटते. आठवडा एकेचाळीस.
"तुझाच असणार," मी म्हणते.
मला तो तिचाच हवा होता.

"माझा नाही.
त्या आठवड्यात हात भाजला होता, रजेवर होते.
माझ्या जागी मिरेय.
फोर्बाकहून यायची, सीमेपलीकडून,
पहाटेच्या पाळीला चारच्या बसनं.
डब्यात मिराबेलचा टार्ट असायचा,
कधी कुणाला तुकडा दिला नाही. चिकट बाई.
आणि आमच्या बोलीची नक्कल करायची."

बटाटा उचलते. सोलते.
अर्धा सोलून थांबते.
"पण सील बसवावं तर तिनंच.
किती पळालाय म्हणालीस?"
"दोन लाख अकरा हजार."

साल तुटत नाही, लांबच लांब खाली लोंबते.
"कळवायला हवं तिला," आई म्हणते.
"नंबर होता माझ्याकडे.
कुठंतरी."