वेंडला कुठाय?

बाहेर उणे एकोणीस. सुपीरियर सरोवर काठापासून गोठलेलं.
आत, कॅल्युमेटच्या शाळेच्या जिममध्ये,
पॉपकॉर्न, तापलेल्या मोटरी, ओले बूट,
आणि लाकडी फरशीवर निळ्या चिकटपट्टीने आखलेली
छत्तीस संघांची छत्तीस घरं.

आमच्या घरातला हात माझा होता.
म्हणजे रोबोटचा, पण माझाच.
तीन सांधे, दोन गिअरबॉक्स, सहा आठवड्यांचं जागरण.
टी-शर्टच्या पाठीवर मी माझं आडनाव
इतरांपेक्षा बोटभर मोठं छापून घेतलं होतं.
कुणाच्या लक्षात आलं नाही.
वेंडलाच्या आलं. ती काही बोलली नाही.

वेंडला नीमेला.
बर्फाला भोक पाडून मासे धरणाऱ्या काकाची
हिरवी पत्र्याची पेटी घेऊन यायची.
गळांच्या खणात स्क्रू,
शिशाच्या गोळ्यांच्या खणात फ्यूज,
तळाशी वायरींचे तुकडे, रंगांप्रमाणे निवडलेले.
पेटीला मासळीचा वास कायमचा.
त्या वासावरून तिला शोधत यायची पोरं:
"वेंडला कुठाय? आमचा एन्कोडर आकडेच देत नाही."
"वेंडला कुठाय? चेन उतरली."
"वेंडला कुठाय?" आणि पुढे काहीच नाही,
नुसता रडवेला चेहरा, हातात जळकी वायर.

मी हाताशेजारी उभा असायचो,
कुणी विचारलं तर सांगायला तयार.
लोक म्हणत, "छान आहे,"
आणि माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत.

उपांत्य फेरी. समोर ऑन्टोनॅगन:
पाच पोरं, शाळेची बस चालवणारा प्रशिक्षक,
खोक्याच्या पुठ्ठ्यावर हाताने रंगवलेला संघाचा क्रमांक.
त्यांच्या बॅटरीचा जोड तुटला.
भोंगा म्हणाला, सात मिनिटं.
माझ्या छातीतून जो श्वास सुटला
त्याची मला आजही लाज वाटते.
वळून बघितलं तर पेटी जागेवर नव्हती.

ती त्यांच्या चौकोनात गुडघ्यांवर बसलेली,
दातात टॉर्च,
आणि त्यांच्यातल्या सगळ्यात लहान पोरीच्या हातात
क्रिम्पर देऊन सांगत होती,
स्वतः करत नव्हती, सांगत होती! सात मिनिटांत!
"दाब. अजून. आता ओढून बघ.
सुटायचं असेल तर इथेच सुटू दे."

चार गुणांनी हरलो.
परतीच्या व्हॅनमध्ये हॅनकॉकचा पूल येईपर्यंत
मी तिच्याशी बोललो नाही.
नंतर बोलायला वळलो तर ती झोपलेली,
मांडीवर पेटी, नखांत काळं,
तोंड थोडं उघडं.

पुढच्या वर्षी आम्ही मार्केटला गेलो.
वेंडला आली नव्हती. तिच्या आईचं ऑपरेशन होतं.
दारात बर्फ झटकत होतो, तेवढ्यात
तीच ऑन्टोनॅगनची पोर, आता वीतभर उंच,
कमरेला स्वतःचा क्रिम्पर लटकवून समोर आली.
टी-शर्टवरचा क्रमांक वाचला. माझं आडनाव वाचलं नाही.
"तुम्ही वेंडलाच्या संघातले?"

हो म्हणालो.
हाताचं सांगणार होतो, राहून गेलं,
कारण तिने लगेच विचारलं,
"मग तुम्हाला चेन बसवता येते का?
आमच्या शेजारच्यांची उतरलीय."

येत होती. बसवली.
त्या संघाचं नाव आठवत नाही.

आता फ्लिंटच्या कारखान्यात रात्रपाळी करतो.
माझ्या हातासारखे नऊशे हात तिथे वेल्डिंग करतात,
कुणाचंही आडनाव नसलेले.
नवीन पोरगा जोड लावून उठायला लागला
की माझ्या तोंडून आपोआप निघतं:
ओढून बघ.

काल एकाने विचारलं, हे कुणी शिकवलं?
मी सांगायला लागलो, आणि नाकात
मासळीचा वास.