पी-०१७१

सोहारच्या सनायात सकाळी सातलाच
पत्र्याला हात लावता येत नाही.
खमीस मास्तरांची पजेरो आली
दोन गॅरेजं फिरून.
पहिल्याने ऑक्सिजन सेन्सर बदलला,
दुसऱ्याने पेट्रोलपंप.
एकशे साठ रियाल गेले
आणि डॅशबोर्डवरचं पिवळं इंजिन
होतं तिथंच,
न बोलावता पंगतीला बसलेल्यासारखं.

स्टिअरिंगखाली वाकून वायर खोचली.
स्कॅनर जरा घुटमळला, मग म्हणाला:
पी-०१७१. मिश्रण पातळ.
मोतालिब, सिल्हेटचा, सहा महिन्यांचा शिकाऊ,
लगेच पान्याला हात घालतो: उस्ताद, सेन्सर!
बाबा रे,
कोड चोराचं नाव सांगत नाही,
ओरडलं कोण तेवढंच सांगतो.
सेन्सर बिचारा खरं बोलला,
हवा जास्त, पेट्रोल कमी.
त्यालाच उपटून फेकला.
साक्षीदाराला फाशी,
चोर बॉनेटखाली निवांत.

आता आकडे बघ.
गाडी उभी, इंजिन नुसतं गुरगुरतंय,
कॉम्प्युटर पंचवीस टक्के जास्त पेट्रोल ओततोय.
दाब पाय. अडीच हजार.
बघ, सहावर उतरला.
म्हणजे?
मोतालिब पंख्याकडे बघतो.
म्हणजे कुठंतरी फट आहे.
इंजिन सावकाश श्वास घेतं
तेव्हा तिची चोरी दिसते,
धापा टाकायला लागलं की
लोंढ्यात बुडून जाते.

धुराचं यंत्र माझं घरगुती:
दूधपावडरीचा डबा, जुना ग्लो प्लग,
बेबी ऑइलमध्ये बुडवलेली चिंधी.
धूर सोडला.
दोन मिनिटं काहीच नाही.
मास्तर घड्याळ बघून पुन्हा घड्याळच बघतात.
मग इनटेकच्या मागे,
जिथं हात पोचतो पण नजर पोचत नाही,
एक पांढरी रेघ उठली,
लोबानाची असावी तशी, सरळ.
रबरी नळीचा कोपरा.
बारा उन्हाळे भाजलेला,
वरून धडधाकट,
खालून नखाएवढा चिरलेला.
किंमत दोन रियाल.

नळी बसवली. आता कोड पुसायचा.
इथं माझं बोट
दर वेळी थांबतं.

तीन वर्षांपूर्वी थानीने एक कोरोला आणली होती.
दुरुस्ती नको, म्हणाला,
दिवा तेवढा घालव,
संध्याकाळी गिऱ्हाईक येतंय.
पाच रियाल.
पुसला.
आठव्या दिवशी तीच कोरोला
दोरीने ओढत आली.
मागे चालत दिलबहादूर, नेपाळचा,
इमारती रंगवणारा, भुवयांवर चुना.
दिवा तर लागला नव्हता, उस्ताद,
एवढंच म्हणाला.
हेड उतरवलं, जळका व्हॉल्व्ह बदलला,
मजुरी घेतली नाही.
का घेतली नाही
ते मात्र बोललो नाही.
तो मला भला माणूस समजतो,
ईदला फोन करतो.

मोतालिब विचारतो, काय झालं?
काही नाही. पुसला.

पुसलं म्हणजे संपलं असं नसतं,
गाडी पळवून बघावी लागते.
मास्तर शेजारी बसले,
लिवाच्या रस्त्याने, समुद्र उजवीकडे ठेवून
चाळीस किलोमीटर.
एक शब्द नाही.
डोळे डॅशबोर्डवर,
दूध उतू जाईल की काय
असं बघत बसावं तसे.
परत वळलो. दिवा नाही.
स्कॅनर लावला, आकडा दोन.
चांगला आकडा.

मास्तरांनी सातच्या जागी दहा दिले,
उरलेले घेतले नाहीत.
म्हणाले, ती जुनी नळी दे मला,
वर्गात दाखवीन.
कागदात गुंडाळून दिली.
सहज विचारलं, विज्ञान शिकवता?
नाही, म्हणाले, भूगोल.
आणि पजेरो मागे घेतली,
हॉर्न वाजवून, धुळीतून.