चौथं चाक

दाराच्या चौकटीवर कोड सापडला.
त्याबरहुकूम मिसळलं:
चंदेरी, किंचित काळा, निळ्याचा थेंब.
चूक एवढीच झाली
की रंग बरोबर आला.

बाकीची तीन चाकं
अकरा उन्हाळे मस्कतच्या रस्त्यांवर
ब्रेकची भुकटी खात मळलेली.
हे एकटंच चकचकीत, लाजिरवाणं.
खलफान म्हणाला, बापाची गाडी आहे,
नवी नको करू.

पुन्हा घासलं.
आता नुसत्या डोळ्यानं.
मातकट पिवळा, सुईच्या टोकावर मावेल एवढा.
वादी कबीरच्या भर उन्हात नेऊन पाहिलं;
गॅरेजची ट्यूब खोटं बोलते.
चौथ्या खेपेला
माझं चाक कुठलं, मलाच सापडेना.

रात्री दापोलीहून पोरगी:
पप्पा, कॅमेरा पुसा ना.

पुसलेलाच होता.