तायी कार्ड

नीलव्वा दारात यायची, खांद्याला पिशवी,
म्हणायची, तायी कार्ड तगोंड बर्री.
मला पहिल्यांदा ऐकू आलं ताई कार्ड,
वाटलं, धाकट्या बहिणीचं काहीतरी राहिलंय.
तायी म्हणजे आई, हे मला
बेळगुंदीत दवाखान्याच्या बाकावर कळलं,
तोवर तिसरा महिना सरत आला होता
आणि रताळ्याचे वेल लावून झाले होते.

पिवळी बारकी गोळी, मग लाल मोठी.
दिनक्के ओंदु. दिवसाला एक.
लाल गोळीनं तोंडात गंजल्या खिळ्याची चव यायची,
म्हणून काही दिवस मी ती
कढीपत्त्याच्या बुडात पुरली.
किती दिवस? नऊ? एकोणीस?
त्या साली कढीपत्ता असा फुटला
की सासूबाई गल्लीभर वाटत होत्या.

सुयोग आता सहाचा.
रताळी मांडतो, बारक्यापासून थोराडापर्यंत,
मधलं एक उचललं तर ओरडतो.
आई म्हणत नाही. तायी म्हणत नाही.
पाटीवरच्या अक्षरांपायी आमच्याकडं दगड पडलेत,
माझ्या घरात कुठलंही अक्षर चालेल.

नणंदेनं पुण्याहून मोबाईलवर पाठवलं,
गरोदरपणात जीवनसत्त्वं घेतली तर म्हणे
अशी मुलं कमी होतात.
अशी.
खाली जोडलेले दोन हात.

सिव्हिलच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं.
त्या म्हणाल्या, हजारो बायकांचा हिशेब आहे तो,
कुठं फरक दिसतो, कुठं दिसत नाही,
एका गोळीपासून एका पोरापर्यंत
वाट काढता येत नाही हो.
खरं असेल.
परतीच्या बसमध्ये मी तरी बोटांची पेरं मोजत आले.
शेजारची म्हणाली, काय मोजूलीस गे?
म्हटलं, दिवस.

ह्याच्या बापाला कुणी विचारलं नाही
त्या साली तो काय जेवला.

आता धाकट्या जावेला दिवस गेलेत.
भांडी झाली की मी तांब्या घेऊन उभी.
ती म्हणते, ठेवा तिथं, घेते मी.
मी हलत नाही.
गिळेपर्यंत तिच्या गळ्याकडं बघते.
का, ते सांगत नाही. कार्डावर लिहिलंय, एवढंच.

पट्टी रिकामी झाली की सुयोगला देते.
तो ती कानाशी धरून चुरगाळतो,
चर्र, चर्र,
आणि हसतो, माझ्याकडं न बघता.

कढीपत्ता मी अजून तोडते.
फोडणीला लागतोच.