शेवटचा थांबा, डुलूथ

तीन कवितासंग्रह. तिन्ही मिळून
खपले असतील चारशे. बाकीचे गठ्ठे गॅरेजमध्ये,
बर्फ काढायच्या फावड्यामागे.

पहाटे शाळेची पिवळी बस चालवायची लेम्पी रौतिओ.
आरशात मागचं बाक, आणि त्यावर ती मुलगी:
कानटोपी भुवयांपर्यंत ओढलेली,
थांबा आला तरी उठायची नाही.
‘जरा वेळ बसू?’ एवढंच.

त्या एवढंचची कादंबरी व्हायला नऊ वर्षं गेली.
संपादक म्हणाला, पंधरा वर्षांच्या पोरांना
इतकं गप्प पुस्तक झेपायचं नाही.
लेम्पीने आणखी दोन पानं कापली.

मग पत्रं यायला लागली. वहीच्या फाडलेल्या कागदांवर,
जांभळ्या शाईत, शुद्धलेखनाची ऐशीतैशी:
‘माझ्याबद्दल तुम्हाला कोणी सांगितलं?’

बंदरात खनिजाचं जहाज भोंगा देतं,
पूल वर उचलला जातो, बस खोळंबते.
तेवढ्यात, स्टिअरिंगवर वही टेकवून,
ती उत्तरं लिहायची; हातमोजा दातांत धरून.

कविताही लिहायची, त्याच वहीत, उलट्या बाजूने.
चौथा संग्रह निघाला. एकशेदहा प्रती.

त्या मुलीचं अक्षर
तिने कधी पाहिलंच नव्हतं.
त्यामुळे कुठलंही पाकीट
फोडेपर्यंत तिचंच असायचं.