गारायाल्देच्या अलीकडे

शेजारी भाचा, एमरिस. कायद्याला लागतो म्हणून.
परवाना त्याच्या खिशात, लक्ष सगळं थर्मासात.
मागे ओविदिओ. बत्तीस वर्षं याच रस्त्यावर
लोकरीचे गठ्ठे ओढलेला माणूस,
आता समोर धरलेली बोटं मोजताना चुकतो.

"एलुनेद, बोल. तुला काय दिसतंय?"

रस्ता, म्हटलं.
"रस्ता मलाही आठवतो. त्यावर काय आहे?"

मग अठ्ठावन्नाव्या वर्षी
पाढे म्हणावेत तशी मी बोलू लागले.
उजवीकडे तारेचं कुंपण, त्यात अडकलेली पिशवी,
रस्त्याकडे आडवी फडफडतेय.
"म्हणजे वारा पश्चिमेचा. हात जागे ठेव."
डावीकडे ग्वानाको, तीन.
"आणि चौथा?"
चौथा नाहीये.
"चौथा असतोच. वेग उतरव."
उतरवला. झुडपातून चौथा निघाला,
वसुलीला आल्यासारखा,
सावकाश रस्ता ओलांडून गेला.

पुढे ट्रेलर. निळा, दोन मजली, मेंढ्या.
"किती जवळ आहेस?"
मेंढीचे डोळे दिसतायत.
"मग मागे हो. शेपटाला चिकटलीस
तर त्याच्या आरशात तू नाहीस,
आणि त्याच्या पुढचं तुझ्या काचेत नाही."

रेघ पिवळी, दुहेरी. अकरा मिनिटं तो वास.
माझ्या मागे एक पांढरी पिकअप,
दिवे मारतेय, मारतेय.
"त्याची घाई त्याच्या गाडीत राहू दे."

रेघ तुटक झाली. ट्रकवाल्याने खिडकीतून हात काढून
ये, ये म्हटलं.
मागच्या सीटवर जरा वेळ काहीच नाही. मग:
"तो म्हणतोय. तुला दिसतंय का?"
समोर चढ होता. चढावर नुसतं आभाळ.
आभाळ दिसतंय, म्हटलं.
"आभाळात ओव्हरटेक करत नाहीत."

पिकअप गेली. आम्हा दोघांना ओलांडून,
चढ चढून, पलीकडे उतरून गेली.
समोरून काही आलं नाही.
एमरिस म्हणाला, बघ, जमलं असतं.
मला राग आला, खरं सांगते.
काहीतरी यायला हवं होतं समोरून,
निदान एखादी सायकल,
आमच्या थांबण्याला साक्षीदार म्हणून.

चढापलीकडे सपाट. रस्ता सरळ, तुटक रेघ,
मृगजळ, आणि मृगजळात ठिपका.
"हलतोय?"
जागचा हलत नाही. मोठा होतोय.
"मग येतोय."
बस होती. गेली. गाडी हादरली.
आणि मग खरोखरच काही नव्हतं,
क्षितिजापर्यंत काही नव्हतं,
मी दोनदा सांगितलं, काही नाहीये.
"मला काय सांगतेस? जा."

आरसा. डावा इंडिकेटर. खांद्यावरून एक नजर. बाहेर.
चाक, चाक, चाक, मेंढ्या, चाक,
आणि वारा अचानक थांबला,
दार लोटून घरात आल्यासारखा.
"सैल सोडू नकोस," मागून. कानांनी ओळखलं त्याने.
"ट्रक संपला की तो उभाच असतो."
उभा होता. गाडी हातभर डावीकडे ढकलली.
धरली.
"आरशात?"
एक दिवा.
"अजून नाही."
दोन्ही.
यावर तो काही बोलला नाही.
माझ्या पाठीत, सीटच्या आरपार,
सकाळपासून रुतलेला त्याचा पाय,
नसलेला ब्रेक दाबणारा,
तेवढा निघाला. मी उजवीकडे आले.

गारायाल्देला पंपावर रांग. रांगेत ती पांढरी पिकअप.
आम्ही कॉफी घेतली. ती निवायच्या आत
निळा ट्रेलर वळून आला, हात हलवला त्याने.
"कोण?"
मेंढ्या.
"किती मिनिटांनी?"
चार.
ओविदिओ हसला, पेला चाचपडला, सापडला त्याला.
"बत्तीस वर्षांत अशी चार-चार मिनिटं
किती जमवली असतील मी," म्हणाला.
"कुठे ठेवली, काही आठवत नाही."