तिसरं नाव

रात्रीचे साडेनऊ. बारिओच्या वरच्या ओढ्यावर
तो झोपला होता
अंगठ्याएवढ्या रोपाला उभा बिलगून,
डोकं वर, शेपूट सैल.
पारान मातूने बॅटरी दातात धरली
आणि फूल खुडावं तसा काढला.
सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात.
इथे कुंपणच नव्हतं कोसभर,
आणि तो धावलाही नाही.

ताडपत्रीखाली मी ओळखतक्ता उघडला.
मानेचा तुरा पाठीच्या तुऱ्याला जोडलेला? पान चार.
मधे खाच? पान सहा.
खाच होती. म्हणजे, होती असं वाटलं.
एक खवला मधेच उभा होता
दोन्ही मांडवांत न ओळखलेल्या पाहुण्यासारखा.

गळपिशवीवर पिवळे पट्टे सात. परत मोजले, आठ.
कानाचा पडदा साडेतीन मिलिमीटर.
बुबुळ निळं. हे जिवंतपणीच लिहायचं,
स्पिरिटमध्ये निळं टिकत नाही.
कूचिंगच्या कपाटात शंभर वर्षांचे जे आहेत
ते सगळे एकाच डोळ्यांनी बघतात,
उकडलेल्या अंड्याच्या.

'तुम्ही काय म्हणता याला?'
पानात बांधलेला मऊ भात उलगडत तो म्हणाला,
'उतारावर झोपतो तो वेगळा.
हा ओढ्यावरचा. डोंगरात पाऊस झाला
की हा हातभर वर सरकून झोपतो.
हा कुठे आहे ते बघून आम्ही ओंडका ओलांडतो.'
माझ्या तक्त्यात
झोपेला रकाना नव्हता.

मी सांगितलं, आधी याला एका कुळात घातलं होतं,
मग काढून दुसऱ्यात.
आता ही खाच खरी निघाली तर तिसरं नाव.
तो हसला. 'मग नातू झाला असेल त्याला.
मी जन्मलो गालीह.
पोरगा झाला, डुकरं कापली, गाव जेवलं,
त्या दिवसापासून पारान मातू.
आता गालीह म्हणून हाक मार,
मी वळणार नाही. तो दुसराच कुणी,
सारखा झाडावरून पडायचा.'

माझं एकच नाव. गळ्यात, लॅमिनेट केलेलं.

पहाटे सुई भरली.
आमच्याकडे बारसं मेल्यावर करतात,
पाळण्याच्या जागी बरणी.
चिठ्ठी पेन्सिलने लिहायची, शाई विरघळते.
उंची, तारीख, ओढा.
पकडणारा: पारान मातू.
'पुढे थोडी जागा सोड,' तो म्हणाला,
'सुनेला सातवा लागलाय.'
सोडली. जातीपुढेही तेवढीच.
डाव्या मागच्या पायाला दोरा, दोन गाठी.

त्या रात्री डोंगरात गडगडलं.
आम्ही ओंडक्यापाशी आलो, बॅटरी मारली.
रोपावर कुणी नव्हतं.
पारान मातूने काठी मोडली,
पाण्यात घातली,
आणि कितीतरी वेळ नुसता बघत राहिला.